नळाला पाणी होतं तो मंगळवार

सन दोन हजार चौदा. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. लालबागची चाळ सोडली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि ती वेळ मी मुद्दाम निवडली होती. पुरुषमाणसं कामावर, बायका जेवून जरा आडव्या झालेल्या, पोरं शाळेत. टेम्पो दारात न लावता मागच्या गल्लीत पिठाच्या गिरणीजवळ उभा केला. सामान चार खेपांत उतरवलं. आमच्या चाळीची रीत अशी की कुणी बिऱ्हाड हलवलं तर जाणारी बाई प्रत्येक दारात चिमूटभर साखर देते आणि सगळी चाळ गेटपर्यंत सोडायला येते. माझ्या बायकोने, मंगलने, साखरेचा डबा हातात धरला होता. जिन्यात म्हणाली, "चोरासारखे का चाललोय आपण?" मी म्हटलं, "गप उतर."

कारण साधं होतं. मुलाचं लग्न झालं आणि दहा बाय बाराच्या खोलीत दोन संसार बसेनात. खोली विकली. त्या पैशात लालबागेत बाथरूमपण आलं नसतं. बदलापूरच्याही पुढे वन बीएचके घेतला. पुढे मुलाची बदली गुजरातेत झाली, सूनही गेली, राहिलो आम्ही दोघं. यात लाजण्यासारखं काही नाही, हे आज कळतं. तेव्हा मी रूमचा एजंट. चाळीच्या खाली जिन्याच्या कोपऱ्यात माझं टेबल, मागे पाटी. वीस वर्षं दुसऱ्यांना बिनधास्त सांगत आलो, "विका आणि जा लांब, हवा चांगली असते." आता आपण स्वतः लांब गेलो हे सांगायला जीभ वळेना. चार दिवसांनी कुणीतरी विचारलं, "नाना, कुठे गेलात राहायला?" तोंडातून निघून गेलं, "प्रभादेवीला."

बस. तो एक शब्द मी अकरा वर्षं ओढला.

टेबल मी सोडलं नाही. पहाटे निघायचं, आठच्या आधी लालबागेत, रात्री सगळ्यांच्या नंतर परत. लोकांना वाटायचं, नाना प्रभादेवीला टॉवरमध्ये गेले तरी चाळीला विसरले नाहीत. मी नाही म्हटलं नाही. उलट छाती थोडी पुढे काढूनच बसायचो. मंगलला ताकीद दिली होती, चाळीतल्या कुणाला फोनवर पत्ता सांगायचा नाही. अकरा वर्षांत आमच्या घरी हळदीकुंकवाला लालबागची एक बाई आली नाही. मंगल संक्रांतीला तिळगूळ करायची आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या अनोळखी बायकांना वाटायची. माझं ताट जोरात ठेवायची.

आमच्या चाळीच्या मंडळाच्या स्मरणिकेत जुन्या आठवणी लिहा म्हणून सांगितलं गेलं. मी चौथीपर्यंत शिकलेला, अक्षर वाकडं. पण दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं तर त्याने गोड करून लिहिलं असतं. म्हणून स्वतःच लिहितोय. जे चाळीत राहिलेत त्यांच्यासाठी आणि जे माझ्या हातून लांब गेलेत त्यांच्यासाठी जास्त.

आमच्या धंद्याचा खरा सीझन शिमगा ते अक्षय्य तृतीया. पितृपक्षात माणूस फोन उचलत नाही, पण होळी पेटली की लोकांच्या डोक्यात घर शिरतं. पोरांच्या परीक्षा संपत आलेल्या, मे महिन्यात सामान हलवता येतं, मुहूर्तही दोन-दोन. परळ-लालबागेत ठिकठिकाणी बोर्ड लागतात, पाडव्याला बुकिंग करा, हे फुकट ते फुकट. आमची माणसं ते बोर्ड मान वर करून वाचतात आणि खाली माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारतात, "नाना, आपल्या खोलीचं काय येईल? आणि तेवढ्यात कुठे मिळेल?" सॅम्पल फ्लॅट बघायला म्हणून जातात तेसुद्धा चप्पल बाहेर काढून, देवळात गेल्यासारखे.

जागा दाखवायची एक वेळ असते, हे एजंटला शिकवावं लागत नाही. पश्चिमेची खोली सकाळी दाखवायची, ऊन लागत नाही. रस्त्यावरची रविवारी, आवाज नसतो. शाळेजवळची सुट्टीत. याला आम्ही खोटं म्हणत नाही. गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवावेत. माझा बाप गिरणीत तीस वर्षं राबला. गावी आमच्या पडवीत कुणी बिऱ्हाडकरू आला की म्हणायचा, "जागा दाखवतंस तर पाणी खंयसून भरूचा, ता आधी सांग." बाप गेला आणि पाणी कुठून भरायचं ते आधी सांगायचं, हे त्याचं वाक्य मी धंद्याच्या आड येतं म्हणून बाजूला ठेवलं.

आता वहिनींचं सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या शालिनीवहिनी. त्यांचे यजमान माझे मित्र, जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. दोन्ही गुडघे गेलेले आणि संडास गॅलरीच्या टोकाला. रीडेव्हलपमेंटचं नुसतं ऐकत होत्या, बिल्डिंगला टेकू लागले तरी वीट हलली नाही. यंदा होळीच्या दुसऱ्या दिवशी टेबलाशी आल्या.

"नाना, मला घरात संडास पाहिजे. बाकी काही नको. ही खोली गेली की माझ्याकडे दुसरं काही नाही, तेव्हा नीट सांगा. बदलापूरच्या पुढे म्हणतात, तिथे कसं आहे? पाणी असतं का? दवाखाना?"

अख्ख्या लालबागेत हे उत्तर ठाऊक असलेला माणूस मी. एक दिवसाआड पाणी, सकाळी नऊ ते दहा. मोठा दवाखाना लांब. पावसात स्टेशनचा रस्ता तुंबतो. सगळं जिभेवर होतं. पण खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार, तुम्हाला कसं ठाऊक? मी म्हटलं, "मी काय तिथे राहिलोय, वहिनी? लोक म्हणतात छान आहे. एकदा बघून या."

आणि मंगळवार ठरवला. त्या मंगळवारी पाण्याची पाळी होती, म्हणून.

पहाटे घरून निघालो, लालबागेत आलो, वहिनींना घेतलं आणि पुन्हा माझ्याच गावाला परत. स्टेशनबाहेर रोजचा रिक्षावाला उभा. म्हणतो, "काय नाना, आज उलटे? सकाळी उतरताय?" मी त्याच्याकडे बघितलंच नाही. वहिनी म्हणाल्या, "ओळखतो वाटतं तुम्हाला?" म्हटलं, "एजंटला कुत्रंसुद्धा ओळखतं." त्या हसल्या. रिक्षावाल्याला मी ठाऊक नसल्यासारखा त्या फ्लॅटचा रस्ता विचारला, माझ्या बिल्डिंगवरून गेलो, वर बघितलं नाही. गॅलरीत मंगलची साडी वाळत होती.

फ्लॅट रिसेलचा, दुसरा मजला, स्वच्छ. मी सरळ मोरीत गेलो आणि नळ सोडला. जोरात धार आली. वहिनींनी बांगड्या मागे सारल्या आणि हात खाली धरला. बराच वेळ धरला. म्हणाल्या, "धार छान आहे हो." मग संडासाचं दार उघडून, लावून, परत उघडून बघितलं. मी घड्याळ बघत होतो. दहाला पाच कमी होते. म्हटलं, "चला वहिनी, उशीर नको."

पाडव्याला टोकन दिलं, अक्षय्य तृतीयेला चावी. वहिनी निघाल्या तेव्हा अख्खी चाळ गेटवर होती. साखर नाही, त्यांनी पेढे वाटले. बायका रडल्या. मला पेढा देताना म्हणाल्या, "प्रभादेवीहून वाट वाकडी करून या कधी. मला तिथे कोण आहे?" मी पेढा खाल्ला. त्याची चव मी इथे लिहीत नाही.

त्यानंतर मी मागच्या रस्त्याने स्टेशनला जाऊ लागलो. बारा दिवस जमलं. रविवारी कडक ऊन, पाण्याची पाळी नाही, टाक्या कोरड्या, म्हणून नाक्यावर टँकर आला. मंगलच्याने भरलेला ड्रम उचलेना म्हणून मीही तिच्याबरोबर गेलो. रांगेत पुढे वहिनी. हातात पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा, त्याहून जास्त त्यांना झेपत नाही. मी वळायच्या आत त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अगो बाई, नाना! मंगल! तुम्ही इथे कुठे? बरं झालं गं बाई, ओळखीचं माणूस दिसलं. कधी आलात राहायला?"

मी म्हटलं, "आत्ताच. गेल्याच महिन्यात."

मंगलने ड्रम खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अकरा वर्षं झाली, वहिनी."

टँकरचा पाइप चालू होता, बायका पुढे सरका म्हणून ओरडत होत्या. वहिनी सरकल्या नाहीत. मी वाट बघत होतो, आता शिवी देतील. चाळीत भांडायला लागल्या की चारही मजले ऐकायचे. एवढंच म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं, नाना." डबा अर्धाच भरला आणि गेल्या.

घरी मंगल म्हणाली, "तिला ही जागा तुम्ही दाखवलीत?" मी मान हलवली. "पाण्याच्या दिवशी?" पुन्हा मान हलवली. तिने माझं पान वाढलं आणि स्वतः गॅलरीत जाऊन बसली. अकरा वर्षांत मी तिला हे घर आपलं म्हणू दिलं नव्हतं, हे मला त्या जेवणात समजलं. लालबाग माझं घर, लालबाग माझं घर, असं म्हणत आलो, पण तिथे मी टेबल मांडून बसणारा एक एजंट उरलोय. पाणी किती वाजता येतं हे जिथलं मला झोपेतही ठाऊक आहे, तेच माझं घर. ते मी लपवलं, आणि लपवलं म्हणून एका बाईची एकुलती एक खोली गेली. ती आता परत आणता येत नाही. तसा एजंट अजून जन्माला आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लालबागेला गेलो नाही. बारा तारीख, सोमवार, पाण्याची पाळी. साडेआठला वहिनींच्या दारात उभा राहिलो. त्यांनी दार उघडलं, पण बाजूला झाल्या नाहीत. मी चौकटीबाहेरूनच सांगत सुटलो. नऊला पाणी येतं, खालचे मोटर लावतात त्याच्या आत मोठं पिंप भरून घ्या. पिण्याचं आधी. तापाला स्टेशनजवळच्या डॉक्टरबाईंकडे जा, त्या उगाच सुया टोचत नाहीत, पण छातीत दुखलं तर थांबू नका, मोठ्या दवाखान्याला गाडी करावी लागते, माझा नंबर लावा, पोचायला पाऊण तास धरा. पावसात पुलाखालून जाऊ नका. बुधवारी कोळीण येते, तिचे बांगडे ताजे असतात.

सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "माझ्या ध्यानात राहत नाही. कॅलेंडरवर खुणा करून द्या." आत आलो. पेनाने बारापासून एकाआड एक तारखांना गोल करत गेलो. चौदा, सोळा, अठरा. जून, जुलै, सगळ्या सम तारखा, भराभर. वहिनी मागून बघत होत्या.

"मे एकतीसचा आहे, नाना. तीसनंतर एक तारखेला येईल पाणी. तुम्ही दोनला गोल केलाय."

घरी हे मंगलच्या डोक्यात असतं, मी कधी मोजलं नव्हतं. खोडायला लागलो तर त्यांनी कॅलेंडर भिंतीवरून काढून पलंगावर ठेवलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि जूनपासून सगळे महिने स्वतः नीट करत बसल्या. नळाला पाणी आलं तसं मी जाऊन पिंप भरलं. भरून झाल्यावर परत येऊन भिंतीशी उभा राहिलो. त्या अजून ऑगस्टमध्ये होत्या. बसा म्हणाल्या नाहीत.