सकड

वर्तमानपत्राचे कोडेवाले काका म्हणजे एका वेलांटीवरून सख्ख्या मेहुण्याशी वर्षभर अबोला धरणारा माणूस. कचेरीतल्या लाळघोट्यांना टोला हाणायचा म्हणून त्यांनी शब्दकोड्यात एक आडवा शब्द घातला: ‘ती खाली घातली की तो मिळतो. दोन अक्षरे.’ उत्तर होतं ‘मान’.

सकाळीच संपादकांनी बोलावलं. बाण वर्मी लागला, म्हणून काका मनातून सुखावले.

“सोपं होतं हो,” संपादक म्हणाले. “सही! कागदाखाली सही घातली की पगार मिळतो. बरोबर ना?”

“अगदी बरोबर, साहेब!” काकांच्या तोंडून निघून गेलं.

आता उत्तरांत ‘सही’ छापणं आलं. पण ‘मान’मधल्या ‘मा’वरून उभं ‘माकड’ उतरत होतं. त्याचं ‘सकड’ झालं.

“सकड म्हणजे काय हो?” बायकोने पेपर वाचून विचारलं.

“जुना शब्द आहे. तुला नाही कळायचा.”

आठवड्याने एका निवृत्त मास्तरांचं पत्र आलं. विस्मृतीत गेलेला शब्द वाचवल्याबद्दल त्यांनी काकांचे आभार मानले होते. काकांनी ते काच लावून भिंतीवर टांगलं.