वडील हयात आहेत का?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांनाही नाही. आता तुम्हाला का सांगते आहे — ठाऊक नाही.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली होती. आम्ही पिंपरी गावात राहायचो. वडील औषधांच्या नव्या कारखान्यात हमाली करत. मी मॅट्रिक झाले, पण पुण्याच्या कॉलेजची फी आणायची कुठून? दोन ठिकाणी शिष्यवृत्तीचे अर्ज केले, दोन्हीकडून नकार. तिसरा अर्ज एका ट्रस्टचा होता — वडील नसलेल्या मुलींसाठी. त्यात रकाना होता, 'वडील हयात आहेत का?'

मी लिहिलं, 'नाही'.

पालक म्हणून चुलत्याचं नाव घातलं. मला चुलता नव्हताच. वाटलं, कागदच तर आहे! मग ट्रस्टचं पत्र आलं — चौकशीला आमचे गृहस्थ घरी येतील. मध्ये आठवडा होता. शेजारचं कुणी बोललं तर? अर्ज मागे घेता आला असता. घेतला का? नाही.

ते गृहस्थ यायचे त्या सकाळी वडील कामावर गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. म्हटलं, तेवढ्यापुरतं कुंकू पूस. तिचा हात कपाळाकडे गेला.

"अगं, त्ये जित्ते हायेत की!"

मी रडले, तिच्या पाया पडले. शेवटी तिने पदराने कपाळ पुसलं, मंगळसूत्र पदराखाली दडवलं.

गृहस्थ अर्जाचे कागद पुढ्यात ठेवून चहा घेत होते, तोच वडील दारात. कारखान्यात काम लवकर सुटलं होतं. "हे कोण?" गृहस्थांनी विचारलं. माझ्या तोंडून निघालं — "काका."

वडिलांनी आईच्या कपाळाकडे पाहिलं. मग त्या कागदांकडे. माझ्याकडे नाही.

"व्हय साहेब," ते म्हणाले, "थोरला भाऊ ग्येला. पोर हुशार हाय. शिकवा तिला."

शिष्यवृत्ती मिळाली — चारही वर्षं. खरोखर बाप नसलेल्या कुठल्या मुलीची जागा मी घेतली, ते कळलं नाही. मी विचारलंही नाही. आई कित्येक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलायची. वडिलांनी विषयच काढला नाही.

पुढे मी चिंचवडच्या एका शाळेत शिक्षिका झाले. एकदा वडील डबा द्यायला आले. मुख्याध्यापकबाईंनी सहज विचारलं, "तुम्ही बाईंचे कोण?" मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "चुलता."

तेव्हा भीती कशाची उरली होती? ना अर्ज, ना चौकशी. एक शब्द पुरला असता —

मी डबा घेतला आणि वर्गावर गेले.