सणाचं पांढरं

फादर सायमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात परकरात नाडी ओवत होते. पलीकडे वसईच्या सिस्टर होत्या. "ताई, फादर सकाळी गेले. झोपेतच गेले. तुम्ही शिवलेलंच घातलंय त्यांना," असं म्हणाल्या. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि नाडी ओवत राहिले. माझ्याकडे हातशिलाई करणारी शेवंती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "काय झाला गो वैनी?" मी म्हटलं, "आपले फादर गेले," आणि मग मात्र हातातली नाडी सुटली. महाडच्या बाजारपेठेत ब्लाउज शिवणाऱ्या बाईने एका ख्रिस्ती धर्मगुरूसाठी इतकं रडावं याचं समोरच्या दुकानदारालाही नवल वाटलं. महिना उलटून गेला तरी लोक विचारतात, फादर तुमचे कोण? दर वेळी थोडक्यात सांगायला जाते आणि ते थोडक्यात बसत नाही... म्हणून आता लिहायलाच बसले आहे.

माझे यजमान इथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते. हृदयविकाराने अचानक गेले. दुकान त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. लग्नसराईत नवरीच्या शालूवरचे ब्लाउज शिवायला माझ्याकडे पोलादपूरपासून माणसं यायची. यजमान गेल्यावर रोजचे ब्लाउज येत राहिले, फॉल-पिको येत राहिलं, पण नवरीचं कापड येईना. तोंडावर कुणी काही बोललं नाही. "या वेळी मुंबईलाच शिवून घेतोय, वहिनी," एवढंच, तेही पायरीवर उभं राहून. हात तोच होता, कात्री तीच होती, फक्त मंगलकार्याचं कापड त्या हाताला लागू नये असं गावाने गुपचूप ठरवलं होतं. मला भयंकर राग यायचा आणि तो कुणावर काढावा ते कळत नसे. निघाला तो नेमका फादरांवर.

त्या वर्षी पुराचं पाणी बिरवाडीतल्या त्यांच्या प्रार्थनेच्या खोल्यांत शिरलं होतं. वेदीपुढे उभं राहताना फादरांनी अंगात घालायची वस्त्रं ज्या पत्र्याच्या ट्रंकेत होती ती पाण्यात राहिली आणि सगळ्यांवर गंजाचे डाग पडले. नाताळाच्या आधी फादर कापडाची पिशवी घेऊन दुकानात आले. उंच, जरा पोक काढून चालणारे, साध्या शर्ट-पँटमधले गृहस्थ. मी त्यांना बँकेतले साहेब समजले. पिशवीतून त्यांनी स्वच्छ पांढरं कापड काढलं आणि माझं डोकंच फिरलं. "पांढरं शिवायला मीच सापडले होय तुम्हाला?" मी म्हटलं. शेवंतीने जीभ चावली. फादर क्षणभर गोंधळले, मग स्टुलावर बसून शांतपणे म्हणाले, "ताई, उपासाच्या, पश्चात्तापाच्या दिवसांत आम्ही जांभळं घालतो. पांढरं आमच्या सणाचं. नाताळ, ईस्टर... सगळ्यात मोठ्या आनंदाला हेच."

मी वरमले, पण पुरती नाही. म्हटलं, "मोठ्या सणाचं काम आणि ते माझ्याकडे? माझे यजमान नाहीत, माहीत आहे ना?"

"सांगितलं मला लोकांनी," ते म्हणाले. "तुम्ही शिवलेले खांदे झोल न पडता बसतात, हेही सांगितलं. थोडं पाणी मिळेल का?"

बस, इतकंच. त्यांनी मला धीर दिला नाही, उपदेश केला नाही. पाणी प्यायले, जुना डागाळलेला नमुना टेबलावर ठेवला आणि गेले. बिनबाह्यांचा, घेरदार, डोक्यातून घालायचा तो अंगरखा. ते त्याला चॅझुबल म्हणायचे. शेवंती पोलादपूरच्या वरच्या वाडीतली. तिने तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "ह्याला बाह्याच नाय गो. घोंगडी हाय का काय?" आम्ही दोघी इतक्या हसलो, की यजमान गेल्यानंतर त्या दुकानात तसं हसणं पहिल्यांदाच झालं असेल.

नाताळाच्या सकाळी मला राहवलं नाही. शेवंतीला घेऊन बिरवाडीला गेले आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. केरळचे, गोव्याचे, झारखंडचे कामगार, त्यांच्या नटलेल्या बायका, पोरांचा गलका. फादर आत आले, हात पसरून उभे राहिले आणि ते कापड दोन्ही अंगांनी उलगडलं. खरं सांगते, मंत्र-प्रार्थना मला काही ऐकू आल्या नाहीत. मी खांद्याची शिवण बघत होते. ती सरळ बसली होती. एवढ्या माणसांच्या सर्वांत मोठ्या दिवशी माझ्या हातचं काम मधोमध उभं होतं आणि त्याने कुणाचं काही वाईट झालं नव्हतं. त्या सकाळी त्या माणसाने मला माझा हात परत दिला. याहून वेगळ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही.

पुढे बाकीचे रंगही आले. वर्षभराचं हिरवं, हुतात्म्यांच्या दिवसांचं लाल, उपासाचं जांभळं. वर्षातून फक्त दोन रविवारी घालायचं एक गुलाबीही होतं. ते अंगावर चढवताना फादर चक्क लाजायचे. "यात मी मिठाईच्या खोक्यासारखा दिसतो," म्हणायचे. माणूस गोड होता, पण गिऱ्हाईक म्हणून अतिशय किचकट. गळ्यात घालायच्या लांब पट्ट्याच्या मधोमध क्रूस असतो आणि घालण्याआधी त्याचं चुंबन घ्यायचं असतं, हे मला कोण सांगणार? मी हौसेने तिथे जाड जर भरली. पुढच्या सोमवारी फादर ओठ सुजवून हजर. "ताई, देवाच्या कामात थोडा त्रास चालतो, पण रोज नको." मी जर उसवून रेशमाने क्रूस भरून दिला. त्यानंतर ते भेटायला आले की आधी ओठ दाखवायचे, मग नमस्कार करायचे. सुकटीची चटणी भाकरीबरोबर खायची आणि मग पित्त झालं म्हणून माझ्याच घरचं कोकम मागायचं, हाही त्यांचा ठरलेला उद्योग.

या सगळ्या वर्षांत नवरीची कापडं हळूहळू परत येऊ लागली. माणसं विसरतात, आणि चांगलं फिटिंगही लागतंच. पण एक गोष्ट माझी मीच परत घेतली नव्हती. आमच्याकडे नव्या कपड्याच्या टोकाला हळदीकुंकू लावून मग तो द्यायची रीत. यजमान होते तोवर मी लावायची. नंतर करंडा शेवंतीच्या ताब्यात गेला. तिचा नवरा आहे. मी कपडा पुढे करायची, ती बोट टेकवायची.

गेल्या वर्षी फादरांची तब्येत ढासळली आणि त्यांना वसईला विश्रांतीसाठी बोलावलं. जायच्या आधी ते पांढरं कापड घेऊन आले. स्टुलावर बसायलाही त्यांना आधार लागला. "आमच्यात धर्मगुरूला शेवटी हेच घालून ठेवतात," ते म्हणाले. "तुमच्या हातचं असू द्या." मी सरळ नाही म्हटलं. जित्या माणसाचं असलं काम मी करणार नाही म्हटलं. ते हसले. "अहो, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, पांढरं सणाचं."

शिवलं. काय करणार? न्यायला आले त्या दिवशी शेवंती गावी गेलेली होती. घडी घालत होते तर म्हणाले, "सगळ्यांच्या कपड्यांना तुम्ही ते टोकाला लावता. माझ्या एकाही कपड्याला लावलं नाहीत."

"तुम्हाला चालतं होय?"

"आतल्या अंगाला लावा."

"पण आज शेवंती नाही, फादर..."

"तुम्ही आहात ना," ते म्हणाले.

मी करंडा उघडला. बोट जरा जोरात टेकलं, डाग मोठा पडला. फादरांनी वाकून पाहिला आणि घडी छातीशी धरली.

त्या दिवसापासून करंडा माझ्या टेबलावर आहे. पण कुणाच्या देखत तो उघडायचा धीर मात्र मला झाला नव्हता. गिऱ्हाईक येण्याआधी बोट टेकवून घडी घालून ठेवायची. फादर गेल्यानंतरच्या आठवड्यात शेवंतीच्या वाडीतली एक बाई लेकीचा लग्नाचा ब्लाउज न्यायला आली. शेवंती पुढे झाली, तिला मी हातानेच थांबवलं. बाईच्या डोळ्यांसमोर करंडा उघडला आणि ब्लाउजच्या टोकाला बोट लावलं. तिने माझ्या बोटाकडे बघितलं, मग माझ्या मोकळ्या कपाळाकडे. बाईने ब्लाउज उजेडात धरून नीट पाहिला आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवला.

"नीट लावा, वैनी," ती म्हणाली. "पुसट लागलाय."