दादाचं बेटावरचं झाड

बोटीवर नोकरीला म्हणून गेलेला दादा चार वर्षांनी मुळशीला परत आला तो तुपाच्या डब्यात एक झुडूप घेऊन. पांढरी, बोटभर फुलं. म्हणाला, "लांब दर्यातल्या बेटांबिगर हे जगात कुटंच न्हाई." बोटीवर आपल्या प्यायच्या पाण्यातलं पाणी घालून ते जगवलं, असंही म्हणाला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी त्याची बहीण, जात्याच संशयी. गावात कुजबुज होतीच, की हा बोटीवर कसला जातोय, मुंबईला गोदीत गोणी उचलत असणार. चार वर्षांत पत्रं तीन, आणि तिन्हींवर शिक्का मुंबईचा. मग कुणी का विश्वास ठेवावा?

घोटावड्याचे पाहुणे त्याला मुलगी द्यायची म्हणून आले, तेव्हा मुलीच्या बापानं सगळ्यांसमोर बोटीचा पुरावा मागितला. दादानं झुडूप पुढं केलं. आमच्याकडं नवा पाला शेळीला विचारायची रीत. नवख्या पाल्याचा ती वास घेते, फुरफुरते, मान फिरवते; इथलाच, ओळखीचा असला तर सरळ खाते. म्हटलं, होऊनच जाऊ दे. मीच शेळी सोडली.

शेळीनं वाससुद्धा घेतला नाही. पानं, फुलं, कोवळ्या काड्या, सगळं मिटक्या मारत खाल्लं. खाली खुंट राहिला. पाहुणे हसले. "खोट्याच्या कपाळी गोटा," मी दादाला तोंडावर म्हटलं. सोयरीक मोडली. दुसऱ्या दिवशी तो न जेवताच निघून गेला. खुंटही वाळला.

दोन वर्षांनी कारवी फुलली, तेव्हा पुण्याचे एक प्राध्यापक डोंगरात झाडपाला गोळा करत हिंडत होते. आमच्याकडं पाणी प्यायला थांबले. गंमत म्हणून मी त्यांना शेळीची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, लांबच्या बेटांवर चरणारं जनावरच नसतं, म्हणून तिथल्या कित्येक झाडांना ना काटा, ना कडूपणा. शेळी पोचली की ती आधी अशीच झाडं संपवते. खुंट तरी आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

शिमग्याला दादा आला. आईला भेटायला, मला नव्हे. ताट वाढता वाढता मी त्याला सगळं सांगितलं, रडले, चुकले म्हटलं. तो खाली मान घालून जेवत होता.

"शेळीचं तुला पटलं," तो म्हणाला. "आता मास्तरांचं बी पटलं. माझंच तेवढं कवा पटलं न्हाई."