गजरासाठी साक्षीदार

बायकोनं चव्वेचाळिसाव्या वर्षी बी.ए.ला नाव घालायचं ठरवलं, तवा मी काय बोललो न्हाई. म्हणजे बोललो, पण एवढंच की आता वरातीमागनं घोडं कशाला. पोरगी समृद्धी पुण्यात नोकरीला लागली. घरात आमी दोघं, बारा मेंढरं आन् वावरातला कांदा. बाईला वेळ हाय, शिकू दे. पण शिकणाऱ्यानं शिकावं, नवऱ्याच्या डोक्याला ताप देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

पहिला ताप म्हणजे जुन्नर. आमी लोणीचं, आमाला मंचर जवळ. मुक्त विद्यापीठाची सोय तिथंबी झाली असती. पण हिला जुन्नरचंच केंद्र पायजे. दर रविवारी तास, म्हणजे दर रविवारी हिला मागं बसवून मोटरसायकल हाणायची मी. म्हणलं, का गं जुन्नर? तर म्हणली, "तिथंच बरं." काय बरं ते काय सांगंना. आमच्या निर्मलाचं हे असंच. एक शब्द बोलायची आन् पुढचे चार गिळून टाकायची.

ऑगस्टच्या एकोणतीस तारखेला फॉर्म घेऊन गेलो. खिडकीत चांगदेव नावाचा क्लार्क. पोरगा वाईट न्हाई, पण कागदाला लई चिकट. त्यानं एका हातात बारावीची मार्कशीट धरली, दुसऱ्या हातात आधार कार्ड, आन् दोन्हीकडं आळीपाळीनं बघत बसला.

"मार्कशीटवर गजरा आहे. आधारवर निर्मला. ह्या दोन बायका झाल्या," तो म्हणला.

"एकच हाय. ही काय, माझ्याशेजारी उभी हाय की."

"मला दिसतंय हो काका. कागदाला दिसत नाही."

आता ह्यावर माणसानं काय बोलायचं? आमच्यात पद्धत हाय. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं. भटजींनी सांगितलं, न अक्षर निघालंय. मागं पंगत खोळंबलेली, मामा घाई करतोय. मला पयलं सुचलं नंदा, पण नंदा माझी बहीण, ती म्होरंच बसलेली. मंग लिहिलं निर्मला. सगळी मिळून दोन मिनटं गेली असतील. रेशन कार्ड निर्मला, बँक निर्मला, बचत गट निर्मला. शाळेतला कागूद तेवढा गजरा राहिला, आन् सव्वीस वर्षांनी तोच आडवा आला.

चांगदेवनं तोड सांगितली. दोन्ही नावांची बाई एकच हाय असं प्रतिज्ञापत्र वकिलाकडनं करून आणा, गॅझेटचं मागनं बघू. पण एकतीस तारखेला पाचला खिडकी बंद. ती गेली की वर्ष गेलं.

रात्री भाकरी वाढताना म्हणली, "हे वर्ष गेलं तर मी परत न्हाई म्हणायची तुमाला, की शिकायचंय."

मला वाटलं, धमकी देती. तिच्या तोंडाकडं बघितलं, तर तसं काय न्हवतं. ती नुसतं सांगत व्हती.

दुसऱ्या दिवशी मंचरला नोटरीकडं. कांद्याच्या रोपाला पाणी द्यायचं सोडून, गिऱ्हाइकांच्या रांगेत दीड तास. नंबर लागला, तर वकील इचारतो, साक्षीदार कोण?

"मी," म्हणलं. "नवरा."

"कधीपासून ओळखता यांना?"

"लग्नापासनं. सव्वीस वर्षं."

"म्हणजे तुम्ही निर्मलाला ओळखता. मला गजराला ओळखणारा माणूस पाहिजे. लग्नाआधीपासून."

मी तापलो. म्हणलं, साहेब, दोन बाळंतपणं झाली हिची माझ्या घरात, त्यातलं एक पोर गेलं, एक जगलं. एका चुलीवरचं खातोय आमी. मी हिला ओळखत न्हाई तर कोण ओळखतो?

वकील काय चिडला न्हाई. त्यानं पेन खाली ठेवलं. "मग सांगा, लग्नाआधी या काय करायच्या?"

"मेंढरं राखायची."

"अजून?"

मी निर्मलाकडं बघितलं. ती टेबलावरच्या शिक्क्याकडं बघत व्हती. आमी उठलो.

आता गजराला ओळखणारं माणूस आणायचं कुठनं? हिचं माहेर पिंपरी पेंढार. आईबाप गेले, भाऊ न्हाई. उरली ती चुलती, साळुबाई. वय पंचाहत्तरच्या वर, पण आठ मेंढरं आन् जीभ दोन्ही राखून हाय. एकतिसाला सकाळी तिच्या दारात गेलो. म्हणलं, चला, जुन्नरला जायचंय, घाई हाय.

घाई कशाची, राव! आधी कोकराला दूध पाजलं. मंग मेंढरं शेजारणीच्या हवाली केली. मंग ठेवणीतलं लुगडं. मंग तंबाखूची पिशवी सापडंना. पिशवी सापडली तवा दुपारचा दीड. मोटरसायकलवर आमी तिघं, मधी म्हातारी, आन् जुन्नर येईपत्तुर तिचं चाललेलं, "हळू चालवा पावणं, हळू चालवा." माझं डोकं गाडीच्या इंजिनापेक्षा जास्त तापलं व्हतं.

जुन्नरला दुसरा वकील गाठला. त्यानंबी तेच इचारलं, गजराला ओळखता का?

"आता घ्या," म्हातारी म्हणली. "माझ्या मांडीवर वाढली की ती. मेंढरांमागं जाताना काखंत पुस्तक असायचं. एकदा पुस्तकाच्या नादात दोन मेंढरं दुसऱ्याच्या मक्यात घुसली, लई मार खाल्ला. बारावी झाली आन् ह्याच जुन्नरात कॉलेजात याया लागली. दुधाच्या गाडीत बसून यायची. दिवाळीपत्तुर आली."

"कॉलेजात?" मी म्हणलं. "हे मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुमी इचारलं कवा, पावणं? तुमचा निरोप आला, कळप कोकणात उतरायच्या आत लगीन उरका. वाटंवर भाकऱ्या थापायला बाई पायजे, पुढची तारीख चालणार न्हाई. पोरीनं पुस्तकं माघारी दिली आन् हळद लावून घेतली."

तो निरोप मीच धाडला व्हता. आई आजारी पडली व्हती, दोनशे मेंढरं घेऊन घाट उतरायचा व्हता, सोबत बाईमाणूस न्हाई. मला त्यात काय वावगं वाटलं न्हवतं. सगळेच तसं करायचे. जुन्नरच का, ते आता कळलं. मला आधी माझाच राग आला, मंग निर्मलाचा आला. मनात म्हणलं, सव्वीस वर्षांत एकदा तरी बोलायचं व्हतंस की.

म्हातारीनं अंगठा उठवला. वकिलानं इचारलं, यापुढं सगळ्या कागदांवर नाव कोणतं लावायचं?

"निर्मला," मी म्हणलं. उघडच हाय, सगळा कारभार त्याच नावावर.

"गजरा," ती म्हणली.

वकील माझ्याकडं बघायला लागला. माझ्या डोळ्यांपुढं रेशन कार्ड आलं, बँक आली, आधारची रांग आली. सरकारी काम आन् सहा महिने थांब, आन् ते खेटे घालायचे कुणी, तर मीच. घड्याळात साडेचार व्हत आलेले.

"ल्ह्या, गजरा ल्ह्या," मी म्हणलं. "पण जरा लवकर ल्ह्या."

पाचला सात मिनटं कमी असताना चांगदेवनं कागद घेतला, वाचला, शिक्का मारला. म्हातारी बाहेर पायरीवर तंबाखू मळत बसली व्हती. तिला परत पिंपरी पेंढारला सोडायला पेट्रोल उरलंय का, ते मी बघत व्हतो.

आता दर रविवारी जुन्नर. रेशन कार्डासाठी तीन खेटे झाले, बँकेत दोन, अजून काय बदललं न्हाई. घरी मी निर्मलाच म्हणतो, जीभ वळत न्हाई. ती "ओ" देती, पीठ मळता मळता, मागं न बघता. तशीच देत आलीय, मला त्यात कधी काय वाटलं न्हाई.

पहिल्या तासाला मी वर्गाच्या दाराबाहेर बाकड्यावर बसलो व्हतो. आत सगळी वीस-बावीसची पोरं. मास्तरांनी हजेरी घेतली आन् गजरा म्हणून नाव पुकारलं. ती ताडकन उभी राहिली, बाक मागं सरकला, आन् मोठ्यानं म्हणली, "हजर."

माझ्या हाकेला ती अशी कधी उठली न्हाई.