अर्ध्या तासात भिजवलेला चुन्यो

हिवानं अंगणातल्या बादलीवर काचेसारखा बर्फ धरला होता. ग्रेगोरिया चोकेवांकानं टाचेनं तो फोडला, मेंढ्यांना पाणी दाखवलं. भिंतीवर उन्हाची तिरीप येते न येते तोच शेजारीण निकासिया फाटकात हजर.

"दोन्या ग्रेगोरिया, सुनेनं काल तुझ्या पुस्तकातला चायरो केला बाई. आमच्या म्हाताऱ्यानं पहिलाच घोट थुंकला. म्हणे, चाळीस वर्षं लग्नामयताला हिच्याच हातचा रस्सा प्यालो, म्हातारपणी हिला काय झालं?"

"माझं कसलं गं पुस्तक?"

निकासियानं शालीतून पातळ पुस्तिका काढली. दोन महिन्यांमागं नगरपालिकेचा पोरगेला कारकून एदिल्बेर्तो चुलीपाशी बसून दोन वाडगे चायरो चापून गेला होता, वहीत टिपणं घेत. हे त्याचं फळ. वर ग्रेगोरियाचं नाव, ठळक. सुकं मटण, गहू, बाकल्याचे दाणे, सगळं बरोबर. आणि पुढं, 'काळा चुन्यो अर्धा तास भिजवावा.'

ग्रेगोरियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धा तास! हिवात गोठवलेला, पायानं तुडवलेला, दगडासारखा वाळलेला बटाटा तो. तीन रात्री पाण्यात बसवावा, रोज काळं पाणी ओतून द्यावं, तेव्हा कुठं त्याचा कडवटपणा सुटतो. इथलं शेंबडं पोरही सांगेल.

तिनं तडक चूल पेटवली. पुस्तिकेबरहुकूम रस्सा रांधला, डबा घोंगडीत गुंडाळला आणि थेट कचेरी गाठली.

"या, दोन्या!" एदिल्बेर्तो अदबीनं खुर्ची सोडून उठला.

"बस. खा."

चमचा तोंडात गेला आणि त्याचा चेहरा आवळला.

"गीळ. तुझंच लिहिणं आहे."

"अहो, शहरातल्या बायकांना तीन दिवस कुठले? साहेब म्हणाले, वेळ कमी करा."

"मग साहेबाला म्हणावं, नऊ महिन्यांचं बाळंतपणही कमी करून टाक!"

पलीकडच्या टेबलांवर खसखस पिकली. पोराचे कान लाल झाले. "बरं, तुमचं नावच खोडतो. झालं समाधान?"

वाटेत तिच्या डोक्यात तेच होतं, नाव खोडायला लावायचं. पण आता तिचं तोंड आणखीच सुटलं. "नाव खोडल्यानं रस्सा गोड होणार का रे? माझी आजी, पणजी ज्यानं जगल्या, ते अन्न लोक थुंकतायत! नाव राहू दे. खोटं खोड."

कपाटात दोनशे पुस्तिका होत्या. ती स्टूल ओढून बसली. एदिल्बेर्तो एकेक पुस्तिका उघडून लेखणी चालवू लागला, ती चुकलेल्या ओळीवर बोट ठेवत राहिली. "तीन रात्री. रोज पाणी बदलून. नीट लिही, कोंबडीच्या पायासारखं नको." साहेबांनी दारातून डोकं काढलं, तिला पाहिलं आणि परत आत घेतलं.

"वाटून झाल्या त्यांचं काय?" शेवटची पुस्तिका मिटत एदिल्बेर्तोनं विचारलं.

"उद्या बाजार आहे. भोंग्यावरून ओरड. चूक तुझी, हेही सांग."

"सांगतो, दोन्या."

"मी ऐकायला असणार आहे."

घरी येईस्तो उन्हं कलली. राग अजून धुमसतच होता. चुलीमागं पाळलेल्या गिनीपिगांनी भुकेनं चींचीं करून घर डोक्यावर घेतलेलं. "आले गं बयांनो," म्हणत तिनं विळा उचलला आणि लसूणघास कापायला गेली.