नानांची निळी पेन्सिल

पेशवाईवर कादंबरी लिहिणारा कोणी भेटला की त्याला लढायांबद्दल विचारू नका, दिवा कशाने पेटवला ते विचारा. किस्से तिथेच साठतात. आमच्याकडे तर इतके साठले की कादंबऱ्या मागे पडल्या.

आम्ही तिघे. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. रिटायर्ड हेडमास्तर नाना, कंपाउंडर बापू आणि कोर्टातला कारकून मी. दर रविवारी कल्याणच्या वाचनालयात ज्याचं त्याने प्रकरण वाचायचं. नियम एकच, लिहाल त्याचा पुरावा दाखवा. नसेल, तर नानांची निळी पेन्सिल ओळीवरून फिरलीच.

*

बापूच्या नायिकेने काडी ओढून समई लावली. नाना म्हणाले, "पेशवाईत काडेपेटी?"

बापू चिडला. पुढच्या रविवारी चकमक घेऊन आला आणि अर्धा तास झटला. कापूस काही पेटला नाही, धोतराला मात्र भोक पडलं. नायिका त्यानंतर शेजारणीकडून विस्तव आणू लागली.

*

त्याचाच जासूद कल्याणहून ठाण्याला घटकाभरात चालत पोचला. पुरावा म्हणून बापू आणि मी करकरीत नव्या वहाणा घालून निघालो. शीळफाट्यालाच दुपार झाली, पायांची सालं निघाली. परत बैलगाडीतून आलो.

पुढच्या रविवारी जासुदाला घोडा मिळाला.

*

माझ्या नायिकेने नवऱ्याची आंघोळ होईतो पायलीभर ज्वारी दळली. हे घरी वाचून दाखवलं, तर इंदू, माझी बायको, पोट धरून हसली. शेजारणीचं जातं मागून आणलं, रेशनची ज्वारी पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "बसा आता, कादंबरीकार."

दोन मुठी दळेतो माझे खांदे भरून आले. ती ओळ मीच खोडली.

त्याच वर्षी हिवाळ्यात इंदू तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. कादंबरी आठ महिने तिथेच अडली. रविवार सोडला तर माझ्याशी बोलणारं कोणी उरलं नव्हतं, आणि रविवारीही दोघं इंदूचा विषय टाळायचे. मला तर तोच हवा होता.

*

घर खायला उठायचं म्हणून एकदा ठाण्याजवळ खाडीकाठी कोलशेतला गेलो. मिठागरावरच्या एका म्हातारीला विचारलं, पूर्वी इथली माणसं काय खायची? तिने पुढ्यातली भाकरी-सुकट दाखवली. मग मलाच विचारलं, "येकलाच आयलास काय रं?"

भाकरी-सुकट वहीत उतरवली आणि परतलो.

*

मग एकदाचं प्रकरण लिहून झालं. सरदार मोहिमेवरून घरी येतो, बायको वारलेली आहे, आणि जेवताना तो स्वतःच्या हाताने दोन पाट मांडतो. अख्ख्या कादंबरीत मला हीच एक ओळ हवी होती.

रविवारी ते वाचलं, तेव्हा बापू खिडकीबाहेर बघत राहिला. नाना म्हणाले, "त्या काळी पुरुष पाट मांडत नसत. पुरावा?"

निळी रेघ ओढली गेली. मी वही तिथेच टाकून उठलो आणि पुढचे दोन रविवार गेलोच नाही. कादंबरी संपली, असं मनाशी धरलं.

तिसऱ्या रविवारी दुपारी नाना वही घेऊन दारात उभे. मी नुकताच पिठलं-भात उतरवला होता. जेवूनच जा म्हटलं. ते आत आले आणि थबकले. मी कोणाला बोलावलं नव्हतं, तरी पाट दोन मांडलेले होते.

मी दुसरा पाट त्यांच्याकडे सरकवला.

"नको," ते म्हणाले, "तो राहू द्या." आणि भिंतीशी नुसत्या फरशीवर मांडी घालून बसले.

पिठलं दोनदा मागून घेतलं. मग हात धुऊन वही उघडली, खिशातली निळी पेन्सिल काढली आणि खोडलेल्या ओळीशेजारी समासात लिहिलं, "पुरावा पाहिला."